आधी पाय बघा

बोरची गाडी फाट्यावर थांबली तवा कमलबाई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होती. गाडी कसली, अख्खं घरच चाकावर चाललंय असं वाटावं. पाठीवर आडवा पाडलेला लोखंडी मनोरा, मागं कॉम्प्रेसरची दुसरी गाडी, तिच्या मागं एक जीप. सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. उमरग्याच्या त्या अंगाला बाभळीसुद्धा सावली द्यायला कुरकुरत होत्या. अशा वक्ताला बोरची गाडी दिसल्यावर खडीवरच्या सगळ्या बाया हातोडे टाकून उठल्या.

"आली गं बायांनो, आपल्याकडची आली!" कमलबाई पदर खोचून सगळ्यांच्या आधी गाडीला भिडली. लंगडतच. उजव्या घोट्यापाशी कालपासून एक फोड वर आला होता, आन् त्यात कुणी निखारा ठेवल्यागत आग होत होती. पण ते कुणाला सांगायचं नसतं.

ड्रायव्हर व्यंकट खाली उतरून टायरला लाथा मारून बघत होता.

"दादा, खापरवाडीचा रस्ता ह्यो डाव्या अंगाचा. म्होरं मोठी बाभळ लागंल, तिथनं..."

"खापरवाडीला कोण जातंय मावशी? आमी निंबाळ्याला चाललो."

"मावशी कुनाला म्हनतो रे? तुज्याहून लहान असंल म्या! आन् निंबाळ्याला कामून? तिथं हापसा हाय की एक."

"मला काय इचारता? म्या चाक फिरवनारा मानूस. जीपमधल्या सायबाला इचारा. मशीनचा कागद त्येंच्यापाशी हाय."

साहेब पोरसवदा होता. चष्म्यावर धूळ, बुशशर्टावर धूळ. मांडीवर लांबच लांब कागद, दोन्ही काठांना भोकं पाडलेला, घडीवर घडी घातलेला.

"अगं, ह्येच्या घड्या बघ," मागनं एक जण बोलली. "लुगडंच म्हनावं!"

बाया हसल्या. कमलबाई हसली न्हाय. "सायेब, आमच्या गावाला गाडी कामून न्हाय?"

साहेब चांगला होता, हिडीसफिडीस न करता सांगायला लागला. "बाई, पुण्याला आमचं एक मशीन आहे. कॉम्प्युटर. सगळ्या तालुक्याची घरं त्यात भरली. कुठं नारू आहे, कोण कुठलं पाणी पितं, सगळं. माणसं बसवली असती तर वर्ष गेलं असतं. मशीननं एका दिवसात लावून दिलं, बोर आधी कुठं मारायचा ते." मग कागदावर बोट फिरवत तो खाली खाली गेला. पार तळाला जाऊन थांबला. "खापरवाडी. नारू शून्य."

त्यानं तो शब्द दुसऱ्यांदा, तोही गावाच्या नावाला जोडून, असा उघड्यावर तोंडातनं काढला तशा मागच्या बायांनी झटक्यात कानांवर हात ठेवले.

खापरवाडीत त्या रोगाचं नाव घेत न्हाईत. पायाला फोड येतो, फुटतो, आन् आतनं शेवईसारखा पांढरा दोरा डोकं काढतो. तो तुरीच्या काडीला गुंडाळायचा. रोज बोटभर ओढायचा, जपून. पुरा निघायला पंधरवडे जातात. तेवढ्यात कुणी नाव घेतलं की दोरा भिऊन आत पळतो आन् तुटतो, मग पाय सडतो, असं सगळं गाव धरून होतं. घरातल्या घरात "पायाला आलंय" एवढंच म्हणायचं. परक्यानं विचारलं तर तेवढंही न्हाय.

"शून्य?" कमलबाईचा आवाज चढला. "कोन म्हनलं शून्य?"

"मशीन."

"तुमच्या मशीनला डोळे हायेत का? आली व्हती का कवा खापरवाडीला? बारवंवर येऊन बसली व्हती का?"

"मशीन कुठं येत नाही बाई. माणूस येतो, विचारतो, लिहून नेतो. आपण सांगू ते मशीन खरं धरतं. फाल्गुनात आरोग्य खात्याचा मच्छिंद्र आला होता तुमच्याकडं. घरोघर फिरला. सगळ्या गावानं सांगितलं, नाही."

कमलबाईला तो दिवस आठवला.

मच्छिंद्र दारात आला होता खरा. खांद्याला पिशवी, हातात पेन्सिल. "वयनी, घरात कुनाला नारू?" तिचा नवरा दगडोबा तिथंच भिंतीला टेकून बसला होता, गोधडीखाली पाय घेऊन, गोधडीत काडी, काडीला दोरा. आन् ही कमलबाई, गावात सगळ्यांत तोंडाळ म्हणून जिचं नाव, तिनं एका दमात सांगितलं होतं, "न्हाय बाबा. जा म्होरं." मच्छिंद्रनं गोधडी उचलून बघितली न्हाय. तिनं दाखवली न्हाय.

"आन् ह्यो नारू..." तिची जीभ अडखळली. "ह्ये येतं कुठनं?"

"पाण्यातून. ज्याच्या पायाला आहे तो बारवेत उतरतो. आग होत असते, गार पाण्यात पाय घातला की बरं वाटतं. तेवढ्यात त्या दोऱ्यातून पिल्लं पाण्यात सुटतात. डोळ्याला दिसत नाहीत. ते पाणी जो पितो त्याच्या पायातून वर्षभरानं दोरा निघतो."

हातातला पदर तिनं करकचून पिळला. आज सकाळीच ती बारवेच्या शेवटच्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली होती. किती गार वाटलं होतं. आन् तिच्या पायाला लागूनच तिच्या जाईनं, आठ वर्षांच्या पोरीनं, कळशी बुडवली होती. वर येताना वंजळीनं प्यायलीही होती.

"सायेब, गाडी वळवा."

"एका बाईच्या शब्दावर कशी वळवू? निंबाळ्याचं काम उद्या होईल. परवा सकाळी गाडी ह्याच फाट्यावरून अणदूरकडं जाणार."

"आन् समद्या गावानं शबूद दिला तर?"

साहेब चष्मा पुसत म्हणाला, "शब्द तर गावानं दिलाच आहे बाई. शून्य."

ते तिला असं झोंबलं की बस. "बरं," ती म्हणाली. "शबूद न्हाय देत आता. पायच दावते."

"दाखवा. मी थांबतो. आणि तोवर पाणी गाळून प्या. लुगड्याच्या फडक्याची चौघडी करा, त्यातून गाळा."

गाड्या धुरळा उडवत निंबाळ्याकडं गेल्या.

सांजच्याला गाव भेटायचं ठिकाण म्हणजे दूध सोसायटी. दुष्काळानं सगळं खाऊन टाकलं तरी दूध तेवढं चालू होतं. छावणीतला चारा घालून कशीबशी जगवलेली जनावरं कपभर का होईना दूध देत होती, आन् फाट्यावर रोज दुधाची गाडी येत होती. चेअरमन तात्याराव कॅनजवळ खुर्ची टाकून बसलेले. धोतर, कोट, पायात बूट. गावात बूट घालणारा तो एकच माणूस.

कमलबाईनं सगळं सांगितलं. हळू सांगायचं तिला जमायचंच न्हाय, त्यामुळं अर्ध्या गावाला घरात बसून ऐकू गेलं.

"परवा दिस उगवायला समद्यांनी फाट्यावर चलायचं," ती म्हणाली. "ज्येच्या ज्येच्या पायाला आलंय त्येनं फडकं सोडून पाय रस्त्यावर ठेवायचा. सायेब डोळ्यानं बघंल."

"बस खाली," तात्याराव म्हणाले. "अक्कल हाय का तुला? त्या रोगाचं गाव म्हनून नाव झालं की दुधाची गाडी उद्यापास्नं इकडं तोंड करनार न्हाय. म्याच सांगितलं व्हतं समद्यास्नी, मच्छिंदर आला की न्हाय म्हना. तू बी म्हनलीस न्हवं?"

"म्हनले! चुकलं माझं! मग आता जन्मभर चुकतच ऱ्हाऊ का?"

"आवाज खाली घे."

"तात्या, बोरची गाडी तुमच्या दारातनं निघून चाललीया आन् तुमी मला आवाज सांगता!"

रुद्रम्मा आज्जी पुढं आली. गावातल्या सगळ्यांच्या पायाचे दोरे तीच काडीला लावून द्यायची, तिचा शब्द कुणी मोडत नसे. "यव्वा कमळे, तोंड आवर गं. दगडूचा दोरा अर्धा बाहेर हाय. परक्याला दावायचं म्हनतीस? नाव घ्यायचं म्हनतीस? उद्या तुटला म्हंजी?"

"आज्जी, नावानं तुटत आसता तर आज फाट्यावर सायबानं दोन येळा घेतलं."

"त्यो परका हाय. गावच्या मानसानं घेतलं की लागतं."

मग कमलबाईचं डोकंच फिरलं. कळशी तिनं खाली आदळली. सोसायटीच्या ओट्यावर चढली आन् गावदरीला ऐकू जाईल अशी ओरडली, "नारू! माझ्या नवऱ्याच्या पायाला नारू हाय! माझ्या बी पायाला नारू येतुया! नारू! नारू!"

दूध ओतणारा हात थांबला. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. बाया पोरांना घेऊन मागं सरकल्या, जसा काय ओट्यावर साप निघालाय.

रुद्रम्मा हळूच म्हणाली, "आता बघ कमळे. सकाळी समदं गाव तुझ्या दारात येतंय. दगडूचा दोरा तुटलेला दिसला, तर बारवंचं पानी तुला बंद."

"बारवंचं?" कमलबाई ओट्यावरून उतरली. "आगं ते फुकट दिलं तरी नगं मला."

बोलली तशीच ती घरी आली. तिनं जाईच्या हातातली कळशी काढून घेतली आन् तडक भीमनगरात गेली. भीमनगर म्हणजे ओढ्यापलीकडची बौद्धांची वस्ती. तिथं बनाबाई ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून, वाटी-वाटीनं पाणी भरत बसली होती. कमलबाईबरोबरच ती खडीवर असायची.

"बनाबाई, एक कळशी दे गं. लेकरासाठी."

बनाबाईनं वर बघितलं. "आमच्या झिऱ्याचं चालंल का?"

"चालतंय म्हनून तर आले न्हवं."

"बस मग. वाटीनं भरायचं तर येळ लागतो," बनाबाई म्हणाली आन् एक वाटी तिच्याकडं सरकवली.

घरी दगडोबाला सगळं कळलेलं होतं. तो भिंतीकडं बघत बसला होता.

"गावभर नाव घेतलंस?"

"व्हय."

"माझ्या पायाच्या जिवावर?"

कमलबाईनं लुगडं जरासं वर करून स्वतःचा घोटा दाखवला. फोड सुपारीएवढा झाला होता. दगडोबानं तो नीट बघितला. गेल्या उन्हाळ्यातही तो असाच बसून होता, आन् घर एकट्या हिनं ओढलं होतं. आता हीही बसली तर चूल पेटायची कशावर? आन् पुढच्या उन्हाळ्याला जाई.

"घ्यायचंच व्हतं तर जोरात तरी घ्यायचं," तो म्हणाला.

"जोरातच घेतलं. पल्याडच्या शिवारात ऐकू गेलं आसंल."

तवा कुठं दोघंही हसली.

सकाळी दारात पाय ठेवायला जागा न्हवती. रुद्रम्मा सगळ्यांच्या पुढं. तात्याराव मागं, काठीला टेकून, "आता कळंल" असं तोंड करून. दगडोबा उंबऱ्यापर्यंत सरकत आला आन् पाय त्यानं बाहेर ठेवला. फडकं सोडायचं काम कमलबाईचं. रोज ती ते डोळे झाकून सोडायची. आज डोळे उघडे ठेवून सोडायला लागली. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. शेवटचा वेढा जखमेला चिकटला होता. तिनं त्यावर पाणी शिंपडलं, दगडोबानं दात खाल्ले, आन् फडकं अलगद निघालं.

तुरीची काडी जागेवर होती. काडीला दोरा होता. सलग, पांढरा, ओला. रोज बोटभर निघणारा दोरा आज सैल पडून चांगला दोन बोटं बाहेर आला होता.

रुद्रम्मा वाकली. डोळ्याजवळ नेऊन बघितलं. काडी जराशी फिरवली. दोरा आणखी आला.

मागच्यांनी माना उंचावल्या.

"तुटला न्हाय," रुद्रम्मा म्हणाली. मग ती तशीच वाकलेली राहून, जीभ चाखून बघितल्यागत, हळूच म्हणाली, "नारू."

दोऱ्याला काय झालं न्हाय.

"नारू!" म्हातारी ताठ उभी राहिली. "आगं सत्तर वरसं झाली, एकदा बी न्हाय घेतलं ह्ये नाव म्या! नारू! मेल्या, किती गं भ्या घातलं ह्येनं आमाला!" आन् तिनं सगळ्यांसमोर स्वतःचं लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं. पोटरीला फडकं होतं. "ह्यो बघा माझा. माघापास्नं हाय."

मग काय, बांधच फुटला. "माझा बी हाय!" "आमच्या सासूचे तर दोन हायेत!" "आगं तू? तू तर काट्यानं पाय सुजला म्हनत व्हतीस!" "काटा कसला, नारू!" नारू नारू नारू. पोरं तर ओरडत गल्लीभर पळत सुटली. एवढ्या वर्षांचं साठलेलं नाव गावानं एका सकाळी घेऊन टाकलं. तात्याराव कधी निघून गेले, कुणी बघितलं न्हाय. पण कमलबाईनं बघितलं. आन् ते कसे चालले होते तेही बघितलं.

परवाचा दिवस उगवला तो फाट्यावरच.

लंगडत, काठी टेकत, कुणी बैलगाडीत, कुणी पोराच्या पाठीवर, अख्खी खापरवाडी रस्त्याच्या कडेला येऊन बसली. सगळ्यांनी पाय रस्त्यात लांब केले. फडकी सोडलेली. म्हातारे पाय, तरणे पाय, जोडवी घातलेले पाय, भेगाळलेले पाय. कुणाच्या घोट्यातून काडी, कुणाच्या पोटरीतून, कुणाच्या टाचेतून. पायांची रांग बाभळीपासून पार फाट्याच्या दगडापर्यंत. ओढ्यापलीकडनं बनाबाई आन् भीमनगरच्या बायाही आल्या होत्या. त्या बाजूला उभ्या राहिल्या.

तेवढ्यात तात्याराव आले. "उठा! समदे उठा! काय जत्रा मांडलीया? दुधाची गाडी यायची येळ झाली!"

"तात्या," कमलबाई बसल्या जागेवरनं म्हणाली, "बूट काढा."

"काय?"

"बूट. चैत्रापास्नं बघते म्या. देवळात बी काढीना झालाव. परवा पोराच्या साखरपुड्याला जाजमावर बुटासकट बसला. डावा पाय कामून उचलून टाकता?"

सगळी रांग तात्यारावांच्या पायाकडं बघायला लागली. तात्याराव लाल झाले, काळे झाले, काय काय झाले. "तुझी जीभ..." एवढं म्हणून थांबले. आन् मग एवढा मोठा चेअरमन, मटकन धुळीत खाली बसला. "आगं लई आग व्हतीया गं कमळे," ते बारीक आवाजात म्हणाले. "बुटात तर शिजतंय नुसतं."

"काढा की मग. इथं कोन परकं हाय?"

रुद्रम्मानंच त्यांचा बूट ओढून काढला. बूट निघाला तसं तात्यारावांनी असं "हाऽश्श" केलं की सगळी रांग खदखदून हसली, आन् तेही हसले. तेवढ्यात निंबाळ्याच्या अंगानं धुरळा उठला.

व्यंकटनं करकचून ब्रेक दाबला. दाबला न्हाय तर करतो काय, समोर पायच पाय. मागनं जीपमधला साहेब उतरला. पहिला पाय बघितला, दुसरा बघितला. मोजायला लागला. थोडं पुढं गेला आन् मोजायचं सोडून दिलं. चष्मा काढून तसाच उभा राहिला.

"काय सायेब," कमलबाई म्हणाली, "शून्य भरलं का?"

साहेब जीपकडं पळाला. तो लुगड्यासारखा कागद आणून रस्त्यातच पसरला. "बाई, मशीननं मला सांगितलं होतं. मीच वाचलं नाही. हे बघा. पायऱ्यांची बारव आहे त्या प्रत्येक गावात नारू. आडाचं पाणी दोरानं शेंदतात, माणूस पाण्यात उतरत नाही, तिथं कुठंच नारू नाही. हे मशीननं शोधलं, आम्हाला कुणाला दिसलं नव्हतं. सगळ्या तालुक्यात एकच गाव ह्यात बसत नव्हतं. बारव आहे आणि नारू शून्य. मशीननं त्याच्यापुढं फुली मारून दिली होती. मला वाटलं, बरं झालं, एक गाव तरी चांगलं आहे."

"म्हंजी तिला संशय आला व्हता?" रुद्रम्मानं विचारलं.

"आला होता आज्जी. संशय तिनं घ्यायचा, पण पाय उचलून जाऊन बघायचं आपण. ते मी केलं नाही."

"आन् आमी दावलं न्हाय," कमलबाई म्हणाली. "हिशेब मिटला. आता गाडी वळवा."

"माझ्या दुधाचं काय?" तात्याराव मधीच बोलले.

"दुधातून नारू जात नाही. खुशाल घाला दूध. फक्त त्यात बारवेचं पाणी घालू नका."

सगळ्यांनी तात्यारावांकडं बघितलं. तात्याराव आभाळाकडं बघायला लागले.

साहेबाची नजर मग बाजूला उभ्या असलेल्या बायांवर गेली. त्यांचे पाय साफ होते. "तुम्ही ह्याच गावच्या ना? तुमच्यात कुणाला नाही?"

"न्हाय सायेब," बनाबाई म्हणाली. "हवं तर बघा पाय."

"असं कसं?"

बनाबाईनं रांगेकडं बघितलं. "आमाला बारवंत उतरू कोन देतंय? आमी झिऱ्याचं पितो, वाटी-वाटीनं. त्यात कुनी पाय घालीत न्हाय."

ज्यांच्या वाडवडिलांनी त्या पायऱ्या अडवल्या होत्या त्यांचे पाय धुळीत पसरलेले, काड्या लावलेले. आन् ज्यांना अडवलं होतं त्या धडधाकट पायांवर समोर उभ्या. साहेबानं कागदात बघितलं. "मशीनमध्ये जात भरलेली नाही. त्याला पाणी तेवढं कळतं," तो स्वतःशीच पुटपुटला.

"मग हापसा कुठं मारायचा?" खिडकीतनं व्यंकट ओरडला. "लवकर सांगा, डिझेल जळतंय!"

"चावडीपुढं," तात्याराव म्हणाले.

"वढ्याकाठी," कमलबाई म्हणाली. "गावाच्या आन् भीमनगराच्या मधी. परवापास्नं माझी लेक ह्यांच्याच पान्यावर हाय. पान्याला लाज न्हाय वाटली, मग हापशाला कशाला वाटंल?"

तात्यारावांनी तोंड उघडलं. सगळ्यांनी त्यांच्या उघड्या पायाकडं बघितलं. त्यांनी तोंड मिटलं.

दुपारी ओढ्याकाठी मनोरा उभा राहिला. कॉम्प्रेसर असा बोंबलायला लागला की शेजारच्याचं बोलणं कळंना. दगडाचं पांढरं पीठ वर उडायला लागलं, माणसं पिठाच्या गिरणीतनं आल्यागत पांढरी झाली. पीठ उडतच राहिलं. ऊन कललं, तरी पीठच. व्यंकटनं साहेबाकडं बघून मान हलवली. कमलबाई उठली, दणदणत जाऊन त्याच्या पुढं उभी राहिली. "मान काय हलवतो? हानत ऱ्हा!" कॉम्प्रेसरच्या बोंबेत त्याला ऐकू गेलं नसणार, पण तोंड बघूनच कळलं असावं. त्यानं अजून एक नळी जोडली.

मग पीठ जरा काळवंडलं. मग ओलं झालं. मग चिखल थुंकायला लागलं. आन् मग खाली पोटात कुणीतरी दार उघडावं तसा आवाज झाला आन् पाणी जे उसळलं, ते मनोऱ्याच्याही वर गेलं. आधी गढूळ, मग भुरं, मग पांढरं लख्ख. लोक ओरडत होते, का रडत होते, कॉम्प्रेसरमुळं ऐकू येत न्हवतं, नुसती तोंडं दिसत होती. रुद्रम्मा काठी टाकून त्या पाण्याखाली उभी राहिली. बनाबाईनं कमलबाईच्या तोंडावरचं पांढरं पीठ पदरानं पुसलं आन् दोघी तशाच गळ्यात पडल्या. हापसा बसल्यावर पहिला दांडा जाईनं मारला. पोरगी दांड्याला लोंबकळली नुसती, पण पाणी आलं.

त्याच महिन्यात बारवेच्या पायऱ्या वरनं बंद केल्या आन् तिच्यावर कठडा बांधून रहाट बसवला. दुधाची गाडी एक दिवसही चुकली न्हाय. पुढच्या उन्हाळ्यात थोड्या पायांना दोरे निघाले. ते आधीच प्यायलेलं पाणी होतं, साहेबानं तसं सांगूनच ठेवलं होतं. कमलबाई तवा जाईचे पाय रोज धुऊन, दाबून, उजेडात धरून बघायची. पोरगी वैतागायची. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. जाईच्या पायाला काही आलं न्हाय. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मच्छिंद्र परत आला. खांद्याला तीच पिशवी.

दगडोबा शेतावर गेला होता, स्वतःच्या पायांनी. कमलबाई दारातच जोंधळे पाखडत होती.

"वयनी, घरात कुनाला नारू?"

"न्हाय."

मच्छिंद्रनं पेन्सिल टेकवली.

"थांब!" कमलबाई सूप टाकून उठली. "न्हाय म्हनले की लगीच लिव्हतोस? मागच्या बारीला बी न्हायच म्हनले व्हते म्या. बस खाली. बघ."

तिनं आपला एक पाय पुढं केला, मग दुसरा. घोट्यापाशी जुन्या जखमेचा डाग होता, बाकी काही न्हाय. मग तिनं जाईला हाक मारली. पोरगी ओढ्याकडनं पळत आली, पाय धुळीनं माखलेले. कमलबाईनं तांब्याभर पाणी ओतून ते धुतले, पुसले आन् मच्छिंद्रच्या डोळ्यापुढं धरले. टाच, घोटा, पोटरी, सगळं. जाईला गुदगुल्या व्हायला लागल्या, ती खिदळायला लागली.

मच्छिंद्रनं नीट बघितलं. वाकून बघितलं.

"दिसलं?" कमलबाई म्हणाली. "आता लिव्ह. शून्य. आन् मोठं काढ, तुमच्या मशीनला लांबनं दिसंल आसं."